आधी मोजा, मग मोजे: पुरुषांसाठी कॉम्प्रेशन सॉक्सची निवड आणि वापर

माझी कॉम्प्रेशन सॉक्सची, म्हणजे पाय आवळून धरणाऱ्या घट्ट मोज्यांची, पहिली जोडी मी बुटाच्या नंबरावर घेतली. दुकानदाराने विचारलं, ‘बूट किती नंबरचा?’ मी म्हटलं, नऊ. त्याने पाकीट काढून हातात ठेवलं आणि विषय संपला. माझी नोकरी दिवसभर फळ्यासमोर उभं राहण्याची. संध्याकाळी पायांत कोणीतरी वाळू भरल्यासारखं वाटायचं, म्हणून हा खटाटोप. दुसऱ्याच दिवशी दुपारी मोजा घसरून पोटरीवर गोळा झाला. मी शहाणपणा केला आणि वरची कड दोनदा दुमडली, म्हणजे हलायला नको. हलला नाही खरंच. संध्याकाळी काढला तेव्हा पोटरीभोवती बोटभर रुंद लाल खाच होती आणि तिच्याखालचा पाय रोजच्यापेक्षा जास्त सुजला होता. घोट्यापाशी मात्र कापड चिमटीत येत होतं.

जिथे आवळायला हवा तिथे ढिला, आणि जिथे सैल हवा तिथे फास. मोजा वाईट नव्हता. माप घेतलंच नव्हतं, आणि घालणारा अडाणी होता. पुढचं सगळं ही चूक निस्तरताना, डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना प्रश्न विचारून आणि बरीच वर्षं हे मोजे वापरून जमा झालेलं आहे.

मोजा करतो काय

हृदय रक्त पायांत ढकलतं, पण परत वर आणायला तिथे दुसरं हृदय नाही. ते काम पोटरीचा स्नायू करतो. चालताना तो आखडतो, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. शिरांमध्ये छोट्या झडपा असतात, त्या रक्ताला मागे येऊ देत नाहीत. निश्चल उभं राहिलं की घोट्यापाशी शिरेतला दाब ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, म्हणजे बीपीच्या यंत्रावर ज्या एककात आकडे येतात त्याच एककात. पावलं टाकायला लागलं की निरोगी पायात तो ३० च्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. म्हणून पाच किलोमीटर चालून पाय दुखत नाहीत तितके पाच तास एका जागी उभं राहून दुखतात. न्हावी, पहारेकरी, स्वयंपाकी, सर्जन, शिक्षक हे सगळे याच कचाट्यात सापडलेले. बसून गाडी चालवणाऱ्यांची गत फार वेगळी नाही, कारण त्यांचीही पोटरी स्वस्थच असते.

झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचतं, शिरा फुगतात आणि वेड्यावाकड्या दिसू लागतात. त्याच व्हेरिकोज व्हेन्स. पुढे रक्तातलं पाणी झिरपून सूज येते, घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी तपकिरी पडते, खाज सुटते, आणि दुर्लक्ष केलं तर तिथेच न भरणारी जखम होते. मोजा बाहेरून दाब देतो, फुगलेली शीर बारीक होते, रक्त वेगाने वर जातं आणि पाणी बाहेर झिरपणं कमी होतं. हा दाब सगळीकडे सारखा नसतो. घोट्यापाशी सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी कमी. या उतरत्या दाबातच सगळी मेख आहे.

ही कल्पना कॉनराड जोब्स्ट या इंजिनिअरची. जर्मनीत जन्मलेला, अमेरिकेत स्थायिक झालेला, आणि स्वतःच शिरांच्या दुखण्याने हैराण असलेला माणूस. तलावात उभं राहिलं की पायांना आराम पडतो, हे त्याच्या लक्षात आलं. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, मीटरभर खोलीला साधारण ७४ मिलिमीटर पारा. त्यामुळे उभ्या माणसाच्या घोट्यावर सर्वांत जास्त आणि मांडीवर कमी दाब पडतो. तसंच दाबणारा मोजा त्याने १९५० च्या सुमारास बनवला. हे मोजे म्हणजे बायकांची वस्तू, असं समजून लाजणाऱ्या मित्रांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो. पहिला प्रयोग एका पुरुषाने स्वतःच्याच पायांवर केलेला आहे.

विकत घेण्याआधी: सूज कसली आहे?

संध्याकाळी मोजे काढून नडगीवर अंगठा पाचदहा सेकंद दाबून धरा. उचलल्यावर खळगा राहिला तर पायात पाणी साचतंय. दोन्ही पायांत थोडंसं, संध्याकाळी दिसतं आणि सकाळी ओसरतं, अशी सूज उभं राहण्याने येऊ शकते. पण दोन्ही पाय सुजण्याला हृदय, मूत्रपिंड आणि यकृत हीही कारणं असतात. आणखी एक कारण गोळ्यांच्या डब्यात लपलेलं असतं. बीपीसाठी अॅम्लोडिपिन घेणाऱ्या अनेकांचे घोटे त्या गोळीमुळेच सुजतात. अशा वेळी मोजे शोधत बसण्यापेक्षा गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलावं. ते डोस किंवा औषध बदलू शकतात. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नये.

एकच पाय अचानक सुजला, गरम लागतोय, पोटरी दुखतेय, तर ती खोल शिरेतली रक्ताची गुठळी असू शकते. त्यावर मोजा चढवायचा नाही, मालीश करायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. जोडीला धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी.

आता पुरुषांच्या बाबतीतली सर्वांत महत्त्वाची अडचण. वरचं सगळं नीलांबद्दल, म्हणजे रक्त परत नेणाऱ्या शिरांबद्दल होतं. पायाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्याच अरुंद झाल्या असतील, तर बाहेरून दिलेला दाब उरलंसुरलं रक्तही अडवतो. विडी-सिगारेट ओढणारे, मधुमेह असलेले आणि पन्नाशी ओलांडलेले पुरुष यात पुढे. खूण साधी आहे. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की दोनचार मिनिटांत जातो, पुन्हा चाललं की पुन्हा येतो. पावलं गार पडणं, पायावरचे केस झडून कातडी चकचकीत होणं, बोटांवरची जखम लवकर न भरणं, याही खुणाच.

यातलं काही असेल तर आधी घोटा-दंड दाबाची तपासणी करून घ्या. घोट्यावरचं बीपी भागिले दंडावरचं बीपी, इतकाच हिशेब, आणि तो सुईशिवाय होतो. उत्तर ०.९ किंवा कमी आलं तर रोहिण्यांचा आजार धरतात. ०.५ च्या खाली असेल तर कॉम्प्रेशन सहसा वर्ज्यच. अधल्यामधल्या आकड्यांवर काय करायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं. मधुमेही माणसाच्या रोहिण्या कडक झालेल्या असतात, त्यामुळे हा आकडा फसवा चांगला येऊ शकतो. १.४ च्या वर गेला तर खूश होऊ नका, तेव्हा पायाच्या अंगठ्यावरचा दाब मोजावा लागतो.

मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असेल, तर मोजा काचतोय हे कळतच नाही. डोळे मिटून बसा आणि घरातल्या कोणाला तरी तुमच्या पावलांच्या बोटांना हलकेच शिवायला सांगा. कुठलं बोट शिवलं हे चुकायला लागलं तर मोजे घेण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवा. पायावर पाझरणारं इसब, ताजा जंतुसंसर्ग किंवा उघडी जखम असेल, किंवा हृदय बरंच कमकुवत असेल, तरी हाच नियम.

एक गोष्ट पुरुष सहसा पायाशी जोडत नाहीत. रात्री दोनतीनदा लघवीला उठावं लागतं आणि सगळं खापर प्रोस्टेटवर फुटतं. पण दिवसभर पायात साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि मूत्रपिंडं ते रात्री बाहेर काढतात. घोटे सुजत असतील, तर दिवसा मोजे घालून आणि संध्याकाळी अर्धा-पाऊण तास पाय उंच ठेवून त्यातल्या एखाद्या फेरीची सुट्टी होऊ शकते. प्रोस्टेटची तपासणी त्याने टळत नाही, ती करायचीच.

पाकिटावरचे आकडे

पाकिटावर दोन आकडे असतात, तोच त्या मोज्याचा घोट्यापाशी पडणारा दाब, मिलिमीटर पाऱ्यात. १५–२० हा सौम्य गट. लांबचा प्रवास, उभं राहण्याचं काम, संध्याकाळचा जडपणा यांसाठी बहुतेकांना तो पुरतो. याहून हलके मोजेही मिळतात. ते आरामदायी असतात, पण त्यांच्याकडून मोठी अपेक्षा नको. २०–३० हा वैद्यकीय गट. उठून दिसणाऱ्या व्हेरिकोज व्हेन्स, रोजची सूज, शिरांच्या उपचारानंतरचे दिवस यांसाठी डॉक्टर तो लिहून देतात. ३०–४० हा बऱ्या झालेल्या जखमा पुन्हा होऊ नयेत म्हणून किंवा तीव्र सुजेसाठी. तो आपल्या मनाने घेण्याचा प्रकार नाही. जास्त दाब म्हणजे जास्त फायदा, हा खास पुरुषी गैरसमज आहे. व्यायामशाळेतल्या वजनांसारखं हे नाही. कपाटात पडून राहिलेल्या तीसच्या जोडीपेक्षा रोज पायात जाणारी वीसची जोडी कामाची.

‘क्लास’ या शब्दावर विसंबू नका. क्लास २ म्हणजे जर्मन मानकात २३ ते ३२, ब्रिटिश मानकात १८ ते २४ आणि फ्रेंच मानकात १५ ते २०. एकच नाव आणि तीन वेगवेगळे मोजे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसता क्लास लिहिला असेल तर आकडा विचारून घ्या. पाकिटावर आकडाच नसेल, नुसतंच ‘फर्म सपोर्ट’ वगैरे लिहिलं असेल, तर ते पाकीट परत ठेवा.

इस्पितळात ऑपरेशनच्या वेळी घालतात ते पांढरे, बोटांपाशी भोक असलेले मोजे घरी आणून वापरणारे बरेच जण भेटतात. ते बिछान्यात पडून असलेल्यांसाठी बनवलेले असतात, घोट्यापाशी सुमारे १८ दाबाचे. चालत्या-फिरत्या पायाचं गणित वेगळं असतं. ते फुकट मिळाले म्हणून रोजच्या कामावर घालू नयेत.

टेप घेऊन बसा

माप सकाळी घ्यायचं, अंथरुणातून उठल्यावर लगेच. दात घासून, चहा पिऊन, पेपर वाचून मग नाही. तोवर पाणी खाली उतरायला सुरुवात झालेली असते आणि सुजलेल्या पायाचं माप येतं. शिंप्याकडे असते तशी मऊ टेप हवी. सुताराची पोलादी टेप पोटरीला गुंडाळायचा प्रयत्न मी केलेला आहे, त्याचं वर्णन नको.

खुर्चीत बसा, तळवा जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात. पहिलं माप घोट्याचं. हाडाच्या गाठीवर नाही, तिच्या वर दोन बोटं, जिथे पाय सर्वांत बारीक आहे तिथे. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. दुसरं माप पोटरीचं, सर्वांत जाड भागाचं. तो भाग डोळ्याने नीट कळत नाही, म्हणून टेप वरखाली सरकवून तीन ठिकाणी वाचा आणि सर्वांत मोठा आकडा घ्या. तिसरं माप लांबीचं, टाचेच्या मागे जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत. मोजा या घडीच्या दोन बोटं खाली संपला पाहिजे. दोन्ही पाय मोजा. माझ्या उजव्या पोटरीचा घेर डाव्यापेक्षा दीड सेंटिमीटरने जास्त आहे, हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आता पाकिटामागचा तक्ता उघडा. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, त्यामुळे एकीकडचा ‘लार्ज’ दुसरीकडे चालेलच असं नाही. घोटा एका साइजमध्ये आणि पोटरी दुसऱ्या साइजमध्ये बसली, तर घोटा प्रमाण मानायचा, कारण छापलेला दाब तिथलाच आहे. पोटरीसाठी ‘वाइड काफ’ असा वेगळा नमुना मिळतो का ते पाहायचं. सायकल चालवणाऱ्यांच्या, पळणाऱ्यांच्या आणि वजनदार पुरुषांच्या पोटऱ्या हमखास तक्त्याबाहेर जातात. तक्त्यात काहीच जुळत नसेल तर मापाप्रमाणे विणून देणारे असतात. महाग पडतं, पण न बसणाऱ्या दोन जोड्यांपेक्षा स्वस्तच.

हा सोस कशासाठी, तर त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. कापडाचा ताण सारखाच असला तरी बारीक गोलाईवर दाब जास्त पडतो आणि जाड गोलाईवर कमी. म्हणूनच सडसडीत माणसाच्या नडगीच्या धारेवर आणि घोट्याच्या पुढे उठून दिसणाऱ्या स्नायूच्या दोरीवर मोजा जास्त काचतो. तिथे कातडी लाल होत असेल तर खाली मऊ पट्टी द्यावी लागते. आणि म्हणूनच कड दुमडणं घातक. एका थराचे दोन झाले की दाब साधारण दुप्पट, दोनदा दुमडली की तिप्पट, तोही सर्वांत वर, जिथे तो सर्वांत कमी असायला हवा. माझ्या पोटरीवरची ती लाल खाच याच हिशेबाने आली होती.

लांबी, कापड, बोटं

गुडघ्याखालचा मोजा बहुतेकांना पुरतो. मांडीपर्यंतचा मोजा डॉक्टरांनी सांगितला असेल तरच घ्यावा. त्याच्या वरच्या कडेला सिलिकॉनची चिकट पट्टी असते, ती केसाळ मांडीवर धड चिकटत नाही आणि काढताना केसांसकट सोलते. अशांसाठी कमरेला लावायचा पट्टा किंवा पँटसारखा नमुना मिळतो.

केसांचा प्रश्न पोटरीवरही आहेच. मोजा खालून वर ओढतो आणि केस वरून खाली उगवतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मुळाशी हुळहुळतं. मशीनने बारीक केलेत तर बरं. वस्तऱ्याने तासून लगेच मोजा चढवू नका. केसांच्या मुळाशी पुळ्या येतात आणि पुढचे चार दिवस मोजाच घालता येत नाही.

बहुतेक मोजे नायलॉन आणि स्पॅन्डेक्सचे असतात. घाम फार येत असेल तर सुताचं किंवा मेरिनो लोकरीचं मिश्रण बघा. उभ्या रेघांचे काळे, निळे, तपकिरी मोजे ऑफिसच्या बुटांत साध्या मोज्यांसारखेच दिसतात, कोणाला पत्ता लागत नाही. अखंड नळीसारखा विणलेला मोजा शिरांच्या त्रासाला ठीक. मागे शिवण असलेला, जाड, सपाट विणीचा मोजा लसिका (लिम्फ) साचून येणाऱ्या सुजेसाठी, ज्यात पायाचा आकारच बदललेला असतो. बोटं उघडी ठेवणारा नमुना बोटांच्या मधल्या बुरशीला, वाकड्या बोटांना, आणि बोटांचा रंग पाहता यावा म्हणून चांगला. चेनवाले मोजे घालायला सोपे असतात, पण चेनेची धार कातडीवर उमटते. मला ते आवडले नाहीत.

घालायची रीत

इथेच निम्मे लोक हार मानतात. साध्या मोज्यासारखं वरची कड धरून ओढायला गेलात तर मोजा टाचेपाशी अडतो, आपण घामाघूम होतो आणि मोजा रागाने ड्रॉवरमध्ये जातो.

नखं कापलेली आणि घासलेली हवीत, हाताची आणि पायाचीही. अंगठी काढून ठेवा. पाय पूर्ण कोरडा हवा. आंघोळीनंतर लगेच घालत असाल तर बोटांच्या बेचक्यांसकट पुसा आणि चिमूटभर टाल्कम पावडर लावा. क्रीम किंवा तेल रात्री लावायचं, सकाळी नाही. आणि भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवा. या सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. रबराला पकड असते, त्यामुळे कापड चिमटीत न धरता तळव्याने सरकवता येतं, आणि नखाने धागा निघत नाही.

मोज्यात हात घाला, आतून टाचेची खोळ चिमटीत पकडा, आणि हात बाहेर काढत मोजा टाचेपर्यंत उलटा करा. आता पावलाचा भाग आत आणि पोटरीचा भाग बाहेर लोंबतोय अशी एक छोटी पिशवी तयार होते. दोन्ही अंगठ्यांनी तिचं तोंड ताणा, बोटं आत सरकवा, पाऊल टाचेपर्यंत आत जाऊ द्या. इथे थांबा आणि टाचेची खोळ बरोबर टाचेवर आहे का ते बघा. ती बोटभर जरी वाकडी बसली तरी पुढचं सगळं वाकडं जातं. मग बाहेर लोंबणारा भाग टाचेवरून वर उलटा आणि थोडा थोडा चढवा. ओढायचं नाही, रबरी हातमोज्यांच्या तळव्यांनी खालून वर सारायचं, जशी पणती घडवताना माती वर सारतात. कुठे सुरकुती दिसली की तिथेच सपाट करा, कारण सुरकुती म्हणजे छोटी दुमडच. वर पोचल्यावर गुडघ्याच्या घडीखाली दोन बोटं जागा राहिली पाहिजे. मोजा त्याच्याही वर आला, तर जास्तीचं कापड दुमडू नका. तळव्यांनी परत खाली सारून सगळीकडे सारखं वाटा. बोटांच्या टोकाला कापड थोडं पुढे ओढून मोकळं करा.

शेवटी पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं पडून दोनतीन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे.

उघड्या बोटांचा मोजा असेल तर एक युक्ती आहे. पावलावर आधी प्लॅस्टिकची पातळ, गुळगुळीत पिशवी चढवायची, मोजा तिच्यावरून घसरवायचा आणि मग बोटांकडच्या भोकातून पिशवी ओढून काढायची. पोट आड येतं किंवा कंबर वाकत नाही अशांसाठी तारेची चौकट मिळते. तिच्यावर मोजा ताणून ठेवायचा आणि पाय नुसता आत घालायचा. ती घेण्यात कमीपणा काही नाही.

सकाळी विसरलात आणि दुपारी आठवण झाली, तर सुजलेल्या पायावर झटापट करू नका. आडवे व्हा, पाय छातीपेक्षा उंच ठेवा, पंधरावीस मिनिटं थांबा आणि मग घाला.

पहिले दिवस

पहिल्या दिवशी दोनतीन तास, मग रोज थोडं वाढवत आठवड्याभरात कामाच्या पूर्ण वेळेपर्यंत. घट्ट वाटलं पाहिजे, कोणीतरी पाय हातात धरल्यासारखं. मुंग्या, बधिरपणा, बोटं निळी किंवा पांढरीफटक, ठणका, यातलं काहीही झालं की लगेच काढा. ‘सवय होईल’ म्हणून सहन करण्यासारखी ही लक्षणं नाहीत.

रात्री काढायचे. आडवं झाल्यावर घोट्याच्या शिरेतला दाब आपोआपच उतरतो, तेव्हा मोज्याला काम उरत नाही. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. काढतानाही वरची कड धरून उलटत खाली आणायचा, गुंडाळी करून नाही. गुंडाळीचं कडं टाचेपाशी रुतून बसतं. मग दिव्याखाली पाय बघा. टाच, नडगी, घोट्याची दोन्ही हाडं, बोटांच्या बेचक्या. विणीची नक्षी उमटलेली असते, ती थोड्या वेळात जाते. अर्ध्या तासानंतरही लाल राहिलेला डाग म्हणजे तिथे मोजा काचतोय. हीच क्रीम लावायची वेळ.

फायद्याचा खरा हिशेब

मोज्याने व्हेरिकोज व्हेन्स नाहीशा होत नाहीत. काढला की शिरा पुन्हा दिसतात. जडपणा, सूज आणि ठणका कमी होतो, आणि बऱ्या झालेल्या जखमा पुन्हा उघडण्याचं प्रमाण घटतं. शिरा घालवायच्या तर लेझर, इंजेक्शन, ऑपरेशन हे मार्ग आहेत, त्यासाठी व्हॅस्क्युलर सर्जन गाठावा.

चार तासांहून लांबच्या विमानप्रवासात गुडघ्यापर्यंतचे मोजे घातले की लक्षणं न देणाऱ्या गुठळ्या बऱ्याच कमी होतात, हे चाचण्यांमधून पुढे आलेलं आहे. पायांना सूज असणाऱ्यांना कातडीखालचा जंतुसंसर्ग, सेल्युलायटिस, पुन्हा पुन्हा होऊ शकतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ८४ जणांच्या चाचणीत कॉम्प्रेशन वापरणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना तो पुन्हा झाला, न वापरणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांना. उलट बाजूही आहे. पक्षाघातानंतर मांडीपर्यंतचे मोजे घातले म्हणून गुठळ्या कमी झाल्या नाहीत आणि कातडी मात्र सोलवटली, असं २००९ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. गुठळी होऊन गेल्यावर पायात उरणारा जुनाट त्रास मोज्यांनी टळतो हा समजही २०१४ च्या चाचणीत टिकला नाही. तरी अशा रुग्णांना सूज असेल तर आरामासाठी मोजे देतातच.

पळणाऱ्यांनी फार आशा धरू नये. मोज्याने वेग वाढतो याला भक्कम पुरावा नाही. पळून झाल्यावरचा अंगठणका थोडा कमी वाटतो, इतकंच. आणि कोणताही मोजा पोटरीला हलायला लावत नाही. फळा पुसून होईपर्यंत मी वीस वेळा टाचा उचलतो. पोरं हसतात. हसू देत.

धुणं आणि जोडी बदलणं

दोन जोड्या घ्या, एक पायात, एक दोरीवर. रोज धुवा. घाम आणि कातडीचं तेल स्पॅन्डेक्सचा जीव घेतं, आणि धुतल्यावर ताणलेलं कापड पुन्हा मूळ मापावर येतं. पाणी कोमट, साबण सौम्य. ब्लीच नाही, सॉफ्टनर तर अजिबात नाही. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं पसरायचं. कडक ऊन, इस्त्री आणि ड्रायरची गरम हवा या तिन्हींपासून लांब. एखादा धागा बाहेर आला तर ओढू किंवा कापू नका, आतल्या बाजूला सारून ठेवा.

रोज वापरलेली जोडी साधारण सहा महिने टिकते. ती संपल्याची खूण वरून दिसत नाही. रंग तसाच असतो, भोक पडलेलं नसतं. एक दिवस तुमच्या लक्षात येतं की आज मोजा सहज चढला, हातमोजेही लागले नाहीत. आपला हात बसला असं वाटून बरं वाटतं. हात बसलेला नसतो, रबर गेलेलं असतं.

नवी जोडी मागवताना जुन्या पाकिटावरची साइज लिहून पाठवू नका. वजन वाढतं, सूज उतरते, पोटरीचा स्नायू बदलतो, म्हणून टेप पुन्हा काढायची. माझ्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने दोन रकाने आहेत, डावा आणि उजवा, तारीखवार. उजव्या पोटरीचा शेवटचा आकडा पहिल्या आकड्यापेक्षा एक सेंटिमीटरने कमी आहे, आणि त्यापायी यावेळी साइज एक पायरी खाली आली.